आतून भिजलेला

तेरेंतीला त्याच्या होडीतून उचलून वाळूवर ठेवलं तेव्हा त्याच्या अंगावरचा आतड्याचा अंगरखा कुठेही फाटलेला नव्हता. होडी वरून कातड्यानं झाकलेली, बसायला दोन भोकं ठेवलेली होती. पुढच्या भोकात तेरेंती, मागच्या भोकात त्याचा मावसभाऊ कोंद्रात. कोंद्रात जिवंत होता, पण दात इतके वाजत होते की त्याला धड बोलता येत नव्हतं.

"उलटलो नाही," तो एवढंच म्हणत होता. "लाटासुद्धा मोठ्या नव्हत्या. पाणमांजराच्या मागे जोर लावून वल्ही मारली. मग ते बुडी मारून वर कधी येतं त्याची वाट बघत बसलो. वारा सुटला. तेरेंती कुडकुडायला लागला, मग बरळायला लागला, मग गप्प झाला."

तेरेंतीची आई फेव्रोन्या पुढे झाली. आमच्या बेटावर तिच्यासारखी शिवणारी दुसरी बाई नव्हती. तिनं मेलेल्या मुलाच्या अंगरख्याच्या गळ्यातून हात आत घातला. आतला पक्ष्यांच्या कातडीचा सदरा चिंब भिजला होता. तिनं हात बाहेर काढला, ओल्या बोटांकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

"शिवण गळली," ती म्हणाली. "माझ्या पोराला हिच्या शिवणीनं मारलं."

सून उलिता शेजारच्या बेटावरची. लग्न होऊन एकच हिवाळा झाला होता. तो अंगरखा तिनं शिवलेला पहिलाच. समुद्रसिंहाची आतडी शिंपल्यानं आतून-बाहेरून खरवडून, फुगवून, वाऱ्यात वाळवून तिनं पट्ट्या काढल्या होत्या आणि त्या जनावराच्या स्नायूच्या बारीक दोऱ्यानं जोडल्या होत्या. सुई पट्टीच्या आरपार जाऊ द्यायची नाही, कडेच्या घडीतच फिरवायची, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. तेरेंती निघायच्या आदल्या दिवशी फेव्रोन्यानं तो अंगरखा मांडीवर घेतला होता. "पोरीच्या टाक्यावर माझा भरवसा नाही," म्हणत तिनं सीलची चरबी मुठीमुठीनं चोळली होती, अंगरखा पिवळाजर्द चकचकेपर्यंत. उलिता बघत होती. नव्या सुनेनं काय बोलायचं?

आता मात्र ती बोलली. "आई, त्यात पाणी भरून टांगूया. गळत असेल तर थेंब दिसेल."

फेव्रोन्यानं तिच्या तोंडात मारली. मग सुरी घेऊन तो अंगरखा सगळ्यांसमोर उभा फाडला आणि चुलीत घातला. चरबीमुळे तो भडकन पेटला.

त्या दिवसापासून उलिताचं नाव गाळणी पडलं. पाणी आणायला निघाली की मुलं मागून ओरडत, "गाळणे, पाणी कशात आणशील गं? तुझ्याच अंगातून गळेल की!" कुठलाही पुरुष तिनं शिवलेलं अंगावर घालीना. ज्या बाईचं शिवलेलं कुणी घालत नाही तिला आमच्यात कुत्र्याइतकीच किंमत. कुत्र्यावर निदान कुणी हसत तरी नाही. फेव्रोन्यानं तिला घरातून काढलं नाही. आतडी खरवडायला कुणीतरी हवंच होतं. घाण उलितानं काढायची, सुई फेव्रोन्यानं धरायची. जेवताना सासू तिच्यापुढे माशाचं डोकं टाकी आणि म्हणे, "खा. माझ्या पोराच्या वाट्याचं आहे."

पुढच्या वसंतात फेव्रोन्यानं कोंद्रातसाठी नवा अंगरखा शिवला. भाच्यावर तिचा जीव. त्यालाही तिनं तशीच मूठमूठ चरबी चोळली. आमच्यावर हुकूम चालवणाऱ्या रशियन कारभाऱ्यानं सगळ्या होड्या पाणमांजरांच्या मागे पिटाळल्या. तिसऱ्या प्रहरी कोंद्रातला दोघांनी खांद्यावर टाकून घरी आणलं. ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले. फेव्रोन्या तेव्हा किनाऱ्यावर गवत कापायला गेली होती. उलितानं त्याचे कपडे काढले, त्याला कातड्यांत गुंडाळलं, गरम चहा पाजला. मग तिनं तो अंगरखा उलटा केला आणि तिचे हात तिथेच थांबले.

शिवणी कोरड्या ठक्क होत्या. पाणी आतल्या बाजूला होतं, छातीवर, पाठीवर, काखेत, बारीक थेंबांनी साचलेलं. जिभेला लावलं तर समुद्रासारखं कडूखारट नव्हतं, घामासारखं जेमतेम खारट. बाहेरून मात्र चरबी हाताला चिकटत होती.

"भाऊजी, उठता येतं का?" ती म्हणाली. "हे बघाच."

तिनं अंगरख्याच्या खालच्या कडेची वाडग्याचं तोंड झाकेल एवढी पट्टी कापली आणि वाफाळत्या चहाच्या वाडग्यावर ताणून बांधली. तशाच वाफाळत्या दुसऱ्या वाडग्यावर आपण खरवडलेल्या कोऱ्या आतड्याची पट्टी बांधली. "दोन्हींवर हात धरा."

कोऱ्या पट्टीवर कोंद्रातचा तळवा दमट झाला. चरबीच्या पट्टीवर तो कोरडाच राहिला. ती पट्टी सोडून उलटी केली तर खालून थेंब टपटपले. मग उलितानं कोऱ्या पट्टीवर थंड पाणी ओतलं. पाणी वरच साचून राहिलं, खाली थेंबही उतरला नाही.

"पाण्याच्या थेंबाला यातून आत यायला वाट नाही," ती म्हणाली, "पण घामाच्या वाफेला बाहेर जायला आहे. म्हणून तर आपण आतडं घालतो. इतकी चरबी चोळली की ती वाट बुजते. माणूस वल्ही मारतो, घामाघूम होतो, घाम आतच राहतो. मग वारा लागला की..."

कोंद्रातनं दोन्ही वाडगे पुन्हा पुन्हा पाहिले. "तेरेंतीपण असाच भिजला होता," तो हळूच म्हणाला. "समुद्राचं पाणी आत आलंच नव्हतं."

"मग चार माणसांत सांगा."

"सांगतो ना. जरा उभा तर राहू दे."

तो उभा राहिला, हिंडायला फिरायला लागला, पण बोलला नाही. उलितानं सांगितल्याप्रमाणे साठवलेल्या मुतात अंगरखा बुडवून त्यानं चरबी गुपचूप काढली आणि पुन्हा समुद्रावर जाऊ लागला. शेवटी उलितानंच एका दुपारी सासूसमोर ते दोन वाडगे मांडले. आमच्या घरांत एका छताखाली पाच-सहा कुटुंबं राहतात, मध्ये नुसत्या गवताच्या चटया टांगलेल्या. त्या दुपारी सगळ्या चटयांमागे बायका होत्या आणि कुणाचीही सुई चालत नव्हती.

फेव्रोन्यानं वाडग्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला काय दाखवतेस? त्याच्या अंगरख्यात हात घातला तेव्हाच कळलं मला. बाहेर माझी चरबी, आत त्याचा घाम. चाळीस वर्षं शिवतेय मी."

"आई, मग तुम्ही..."

"मग काय करू? आपल्याच पोराला मारलं म्हणून सांगू? त्यानंतर माझ्या हातचं कोण घालेल? आणि मी नाही शिवलं तर या गावानं काय घालायचं? म्हणून तर कोंद्रातलाही तशीच चोळली, नाहीतर सगळ्यांनी विचारलं असतं, यंदा कमी का. तुझं काय गेलं त्यात? तुला इथे ना आई ना भाऊ. तुला काहीही म्हटलं तरी कुणाचं काही बिघडत नाही."

उलिता रडली नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

एका चटईमागे कुणीतरी खोकलं. मग सुया पुन्हा चालू लागल्या.

त्याच उन्हाळ्यात कारभाऱ्याचं जहाज आलं. सीलच्या बेटांवर कातडी सोलायला प्रत्येक गावातून एक बाई हवी होती. तिकडे गेलेली माणसं सहसा परत येत नाहीत. मुखियानं विचारलं, "कुणाला पाठवायचं?" फेव्रोन्यानं सुनेचं नाव घेतलं. मुखियानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

जहाज निघायच्या आधी कोंद्रात उलिताला किनाऱ्यावर गाठून भेटला. त्याच्या बगलेत वाळलेल्या आतड्यांची गुंडाळी होती.

"वहिनी, जाता जाता एक शिवून दे गं. जहाज अजून दोन दिवस आहे. तुझ्या हातचंच हवं मला. फक्त मावशीला कळायला नको."

"शिवते," उलिता म्हणाली. "तुम्ही आत्ता वर चला आणि सगळ्यांसमोर सांगा, तेरेंतीला कशानं मारलं ते."

कोंद्रातनं मान खाली घातली. "ती म्हातारी आहे गं. आणि तू तर चाललीसच."

तो गुंडाळी दाबून घट्ट करायला लागला तसं आतडं कडकड वाजलं. उलिताच्या तोंडून निघूनच गेलं, "कोरडं दाबू नका, तडकेल. आधी ओलवा." मग ती पाठ फिरवून जहाजाकडे चालू लागली.

सीलच्या बेटांवरून पुढच्या वर्षी आलेल्या खलाशांनी सांगितलं की गाळणी हे नाव तिच्या आधीच तिथे पोचलं होतं. तिथल्या बायका तिला सुईला हात लावू देत नाहीत. दिवसभर ती रक्तात उभी राहून कातडी सोलते.

आमच्या गावात मात्र त्यानंतर कुणी तसा गारठून मेला नाही. कोंद्रातचं पाहून एकेकानं अंगरखे धुतले. चरबी आता फक्त बोटाच्या टोकानं लावतात, तीही शिवणीवर, आतडं मऊ राहण्यापुरती. मुलींना हे फेव्रोन्याच शिकवते. पट्टी वाफेवर धरून दाखवते, हात ठेवायला लावते.

"माझ्या सुनेनं मूठमूठ चरबी चोळली होती," ती सांगते. "त्यानंच माझा तेरेंती गेला."

ऐकणाऱ्या आया माना डोलावतात. त्यांतल्या कितीतरी जणी त्या दुपारी चटईमागे होत्या. परवा एका मुलीनं विचारलं, "आजी, तिला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं गं," फेव्रोन्या म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली. "ऐकेल तर ना."