वरून दिसणारी बाग

आबांचा, माझ्या वडलांचा, मी पाहिलेला शेवटचा साधा दिवस माघातला. सकाळची भाकरी, सुकटाची चटणी, आणि ओट्यावर बसून शेजारच्या गेनबाकाकांनी चालवलेली थट्टा. मी पुण्याहून वेल्ह्याकडच्या आमच्या गावी आले होते. समोर खुर्चीवर विराज, इस्त्रीच्या शर्टातला, मोबाईल पुढे धरून. त्याची कंपनी उपग्रहाच्या चित्रांवरून आंब्याच्या बागांचा नकाशा करत होती. नकाशात ज्याची बाग पिवळी, त्याच्याच दारी आंबा न्यायला टेम्पो येणार होता. आमची हिरवी होती. हिरवं म्हणजे जंगल.

"रखमाजी, लेका, तुझी बाग गेली जंगलात," गेनबाकाका म्हणाले. "आता सातबारा बिबट्याच्या नावावर कर."

"वरनं दिसत न्हाई तर खालनं बघा की," आबा विराजला म्हणाले. "हितंच हाय. चला, दावतो."

"काका, मी बघून काय उपयोग? कॉम्प्युटरला दिसायला हवं."

तो कॉम्प्युटर शिकला होता कोकणातल्या आखीव बागांवर. सरळ रांगा, मधे मोकळी माती. आमचे रायवळ आंबे जागा मिळेल तिथं लावलेले, अधूनमधून फणस, आणि सगळ्यांच्या वर डोकी काढलेले ऐन.

"हे उंच ऐन झाकून टाकतात," विराज म्हणाला. "ते नसते तर आलं असतं पिवळं."

ऐन ठेवले होते कवळासाठी, म्हणजे डहाळ्या-पाल्यासाठी. दर वर्षी त्यांच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, आणि भाताचं रोप टाकण्याआधी त्या वाफ्यावर पसरून जाळायच्या. त्याला राब भाजणं म्हणतात. तोडताना शेंडा मात्र सोडायचा. शेंडा राहिला की झाड पुन्हा फुटतं. शिवाय तिथवर चढणाऱ्याला धरायला काही उरत नाही. हे आबांनीच गावातल्या किती जणांना शिकवलं होतं.

"बाग बघून येतो," म्हणत ते कोयता घेऊन उठले. घरात आम्ही सगळे त्याला रानच म्हणायचो. बाग म्हणणारे ते एकटेच.

मी पुण्याला परतले आणि त्यांनी एकेक ऐन उतरवायला घेतला. बुंध्यात तोडला असता तर झाड आंब्याच्या मोहोरावर कोसळलं असतं, म्हणून वरून खाली, शेंड्यापासून. शेवटच्या ऐनाचा शेंडा त्यांच्यासकट मोडला.

मे महिन्यात भोरला कंपनीचा कार्यक्रम झाला. बोलावणं आईला होतं. "म्या न्हाई येत," ती म्हणाली. "तुला जायचं तर जा."

हॉलमध्ये समोशाच्या तेलाच्या वासावर गुलाबाचा फवारा मारला होता. कंपनीच्या सौदामिनीबाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. 'आधी', हिरवं. 'नंतर', पिवळं.

"वरचं आच्छादन विरळ झाल्यावर अचूकता किती वाढली बघा." त्यांच्या हातातल्या दिव्याचा लाल ठिपका पिवळ्यावर फिरत फिरत कडेला थांबला. शेवटचा ऐन तिथं होता. "शेतकऱ्याचा उत्स्फूर्त सहभाग! दुर्दैवानं रखमाजी आज आपल्यात नाहीत."

टाळ्या झाल्या. नक्की कोणत्या वाक्याला, ते कळलं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी बोटं चाटत होतं.

पुस्तकांत मी क्रूर माणसं पुष्कळ वाचली आहेत. ही तशी नव्हती. यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त किळस येत होती.

मला पुढे बोलावलं. खांद्यावर शाल आली, नुकतीच प्लॅस्टिकमधून काढलेली, रॉकेलसारख्या वासाची. "दोन शब्द बोला ना," सौदामिनीबाई हसून म्हणाल्या.

मी शाल काढून टेबलावर ठेवली.

"तो लाल ठिपका मघाशी होता तिथंच धरा," मी म्हणाले. "आबा तिथं पडले. तुमच्या कॉम्प्युटरला दिसावं म्हणून शेंड्यावर चढले होते."

विराजनं मान खाली घातली. सौदामिनीबाईंनी ठिपका विझवला.

एवढंच बोलायचं ठरवून आले होते. पण पडद्यावर ते हिरवं चित्र अजून तसंच होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'जंगल' लिहिलेलं होतं. मी माईक खाली ठेवला, पडद्याजवळ गेले आणि त्या हिरव्यावर हात टेकला.

"आबा," मी म्हणाले, "हीच बाग. ही आधीचीच. तुमची बाग हाय ही."