पखालीचा कट्टा

आज सांगायचंच, असा निश्चय करूनच फलक भिंगारच्या घरातून निघाली. दर रविवारी ती हौशी मंडळींना ओढ्याकाठच्या रानातून फिरवून आणायची. पक्षी दाखवायची, जुन्या पायऱ्यांवर थांबून इतिहास सांगायची. छावणीला इथूनच पाणी जायचं, पखालजी ते कातड्याच्या पखालीत भरून पाठीवर वाहून न्यायचे, इथवर तिची गाडी सुरळीत चालायची. ते पखालजी आपलेच पूर्वज, हे मात्र ती दर वेळी गाळून पुढं निघायची.

आज तर तिचा भाऊ आसिफ मंडळींना टेम्पोतून घेऊन आला होता, आणि त्यांत त्याला सांगून आलेल्या मुलीचे वडील, शेवगावचे मेहताबचाचा होते. सोयरीक अजून पक्की व्हायची होती.

"पायऱ्यांपाशी जास्त बोलू नको," आसिफ कुजबुजला.

"बोलणार," फलक म्हणाली. पणजोबांना लपवून नवरदेव व्हायचंय का याला! तिला भयंकर राग आला होता.

करंजांच्या सावलीतून मंडळी निघाली. नाचणानं शेपटीचा पंखा उघडून दाखवला, टिटवीनं साऱ्या रानाला वर्दी दिली. रान संपून ओढा वाळूत पसरतो, तिथं फलकनं सगळ्यांना झुडपाआड बसवलं. थोड्या वेळानं माळावरच्या पखुर्ड्यांचा थवा उतरला, पाणी पिऊन उडाला. एक नर मात्र पाण्यात पोट टेकवून बसून राहिला.

"आंगूळ करतोय का?" मेहताबचाचांनी विचारलं.

"नाही चाचा, पोटाची पिसं भिजवतोय. लांब माळावर पिल्लं आहेत, त्यांना पाणी नेतोय."

"लई गुणाचं पाखरू हाय!"

फलकचा ऊर भरून आला. ती तडक पायऱ्यांकडे गेली आणि शेजारच्या गुळगुळीत दगडी कट्ट्यावर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली, "भरलेली पखाल माझे पणजोबा इथं टेकवायचे. आम्ही पखालजी. या छावणीला आमच्या घरानं पाणी पाजलंय."

आसिफचं तोंड उतरलं.

"व्हय का, आसिफ?" चाचांनी विचारलं.

आसिफनं एकदा बहिणीकडे पाहिलं आणि तो चढ चढून टेम्पोकडे निघून गेला. गेला रुसून, फलकला वाटलं. तिला रडू फुटायचं बाकी होतं, पण बोललेला शब्द मागं घ्यायचा नाही, हे तिनं घट्ट धरून ठेवलं.

आसिफ परतला तो पाठीवर मंडळींसाठीचा पाण्याचा जार घेऊन, घामाघूम होऊन. कट्ट्याकडे पाठ करून त्यानं जार अलगद टेकवला.

"कट्टा बरोबर कमरेला लागतोय," तो फलकला म्हणाला. मग चाचांकडे वळला. "होय चाचा, आमचेच पणजोबा. पाणी घ्या."

चाचांनी पेला दोन्ही हातांनी घेतला. कट्ट्याशेजारी मांडी घालून त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

"पुढल्या रविवारी पोरीला घिऊन येतो," ते म्हणाले. "आन् त्या दिवशी बी पाणी आसिफच आणंल."