जगातलं तिसरं सुखी शहर

कचेरीत केक कापला गेला तेव्हा फोनवरून लोकांना प्रश्न विचारणाऱ्या पाहणीवालीला अक्षरशः शिसारी आली. कंपनीच्या पाहणीत जगातल्या साठ शहरांत आपलं शहर सुखात तिसरं, महागाईत शेवटून दुसरं! साहेबांनी क्रीमने माखलेल्या हातांनी टाळ्या पिटल्या आणि त्याच दमात सांगून टाकलं, की यापुढे पगारवाढ शहराच्या नंबरावर ठरणार, तसा मोठ्या कचेरीचा हुकूमच आहे. "इतकं स्वस्त शहर, इतके सुखी लोक. इथं वाढ हवी कशाला?" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं काय जातंय!

तिचं मात्र सगळंच गेलं. या वाढीच्या भरवशावर तिने खिडकीची खोली बघून ठेवली होती. सध्याच्या खोलीची भिंत बारा महिने ओली, बुरशीने काळी पडलेली. आईचा दमा त्या भिंतीपाशीच वाढला होता. जागा बदलली नाहीत तर हा औषधाला दाद देणार नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. "साहेब, हे साफ खोटं आहे. वर्षभर फोन मी केलेत. लोक रडतात हो!"

"असं? नोंदी काढा बरं."

नोंदी तिच्याच होत्या. प्रश्न बेचाळीस, आणि तुमच्या सुखाला दहापैकी किती गुण द्याल, हा अगदी शेवटचा. दिवसाला वीस जण शेवटपर्यंत न्यायचे, नाहीतर अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. दहावा प्रश्न होता, पगार महिनाअखेरपर्यंत पुरतो का? तिथं कुणाला हुंदका फुटला, की ही बया 'अपूर्ण' लिहून पुढचा नंबर फिरवायची. कारणाच्या रकान्यात ठोकून द्यायची, 'वेळ नाही'. शेवटपर्यंत टिकायचे ते निवांत, भरल्या पोटाचे. ते आठ-नऊ गुण सढळ हाताने द्यायचे.

"वेळ नाही म्हणजे लोकांच्या हाताला काम आहे," साहेब ओठ पुसत म्हणाले. "चांगलंच की! रडल्याचं कुठं लिहिलंय?"

कुठंच नव्हतं. चौदाशे अपूर्ण, आणि सगळ्यांखाली तिची सही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांची किळस येत होतीच, आता स्वतःचीही येऊ लागली.

घरी आई उशीला टेकून बसली होती, भिंतीपासून जमेल तेवढी लांब. "खोलीचं काय झालं गं?"

"नाही जमायचं. आपलं शहर फार सुखी निघालं."

आईला हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर आई म्हणाली, "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं की मी, किती सुखी ते."

"तू दहाव्या प्रश्नालाच खोकली असतीस, आई," ती म्हणाली. "मी फोन ठेवला असता."