मास्तरांनी ऐकलेली कादंबरी

“बाबा, हे पुस्तक तुम्ही स्वतः वाचलंय का कधी?”

मास्तरांनी फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून धरला होता, कारण दोन्ही हातांत एका गृहस्थांच्या पँटची कंबर होती आणि ती सैल करायची होती. गृहस्थांचा दावा असा की कापड आटलं. मास्तर शिंपी होते, त्यांनी असे दावे आयुष्यभर ऐकून घेतले होते. पण मुलीचा आजचा आवाज काही नेहमीचा नव्हता. रविवारी तिचा फोन यायचा, ती तब्येत विचारायची, ते गुडघ्याचं सांगायचे, ती म्हणायची एक्स-रे काढून घ्या. ती एका मोठ्या इस्पितळात एक्स-रेच काढायची, त्यामुळे तिला दुसरं काही सुचत नसे. मग दोघं थोडं हवापाण्याचं बोलायचे आणि फोन ठेवायचे.

“म्हणजे काय बेबी? मीच तर दिलं तुला ते.”

“दिलंत हो. पण वाचलंय का?”

“अगं, पाठ आहे मला ती कादंबरी!”

“मग सांगा बरं, ती दाई शेवटी काय करते?”

मास्तर खूश झाले. त्यांनी पँट बाजूला ठेवली आणि फोन नीट हातात घेतला. याचसाठी तर त्यांनी मागच्या खेपेला ‘पाणथळीचा बंगला’ तिच्या पिशवीत घातली होती. बायको गेल्यापासून बापलेकीत बोलायला विषयच उरला नव्हता. आई मधे असायची तोवर दोघं तिच्याशी बोलत आणि ते एकमेकांना ऐकू जाई. आता मधे कोणी नव्हतं.

“काय करते म्हणजे? तीच तर जीव वाचवते! बेशुद्ध मालकीणबाईला खांद्यावर टाकते आणि उजाडताना बंगल्याबाहेर पडते. मागे वळूनसुद्धा बघत नाही. काय बाई आहे! तुझी आई तो शेवट वाचायची ना, तेव्हा माझं मशीन थांबायचं.”

“बाबा, चेष्टा करताय का माझी?”

“चेष्टा कशाला करू?”

“दाई चेटकीण आहे त्यात. तीच बोलावते भुताला. काळी आहे म्हणून. दुसरं कारणच दिलेलं नाही. शेवटी तिला दलदलीत ढकलून देतात आणि सगळे सुटलो म्हणतात.” तिचा आवाज चढला होता. “मी बसमध्ये वाचत होते. शेजारची बाई पानात डोकावत होती. तिने पान वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत पान. मी पुस्तक मिटून मांडीखाली घातलं. लिहिलं त्याने आणि लाज मला!”

“बेबी, तू दुसरंच कुठलं तरी उचललं असशील.”

“आईने घातलेलं कव्हर आहे त्याला, तुमच्या दुकानातल्या अस्तराचं. मला एवढंच कळत नाही, की आईला हे कसं आवडायचं? आणि तुम्ही हे मला दिलंत. माझ्या तोंडाकडे बघून दिलंत, ‘वाच, तुला आवडेल’ म्हणून.”

“अगं, पण...” मास्तरांनी सुरुवात केली. ती म्हणाली, “पाठवून देते परत. तुमचं तुम्ही वाचा,” आणि गुडघ्याची चौकशी न करताच तिने फोन ठेवला.

मुलीने रंग आईचा घेतला होता, दाट कुरळे केस आईचे, हसणंही आईचं. मास्तरांकडून तिने काय घेतलं म्हणाल तर दुखरे गुडघे. बायकोची माणसं कधीकाळी मळ्यांवर राबायला जहाजांतून आणलेली. पिढ्या होऊन गेल्या, मळे बुडाले, तरी शहरात त्यांना अजून ‘मळेवाले’च म्हणत, आणि कसं म्हणत ते म्हणणाऱ्याच्या ओठांवरून कळे. ती काजं करायचं काम मागायला दुकानात आली होती आणि तिची काजं इतकी सुबक होती, की मास्तरांनी तिला ठेवून घेतली. पुढे लग्नच केलं. आपल्या आयुष्यात आपण एकच धाडस केलं असं मास्तरांना वाटे, आणि तेवढ्यावर ते पुष्कळ वर्षं समाधानी होते.

त्यांच्या वाचनाची रीत अशी होती. दुपारी जेवणानंतर गिऱ्हाईक कमी असे. मास्तर मशीनवर बसत आणि ती समोरच्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसे. शिवणाऱ्याचे डोळे सुईवर अडकलेले असतात, कान मात्र मोकळे. त्या कानांत तिने कितीतरी कादंबऱ्या ओतल्या, आणि त्यातही भुताच्या जास्त, कारण मास्तरांना भुतांची आवड आणि भीती दोन्ही होत्या. तिला कशाचीच भीती नव्हती. ती आवाज खाली आणायची, मास्तरांचा पाय पायडलवर थबकायचा, आणि ती हसायची. “शिवा हो मास्तर, भुताला बाही नको असते.” मधेच म्हणायची, “थांबा जरा, पान चिकटलंय.” पुस्तक जुन्या वाचनालयातून रद्दीच्या भावाने आणलेलं, पानं चिकटायचीच, असं मास्तर समजत. थोडं थांबून ती पुढे वाचू लागे. ‘पाणथळीचा बंगला’ तर मास्तरांच्या हट्टामुळे तिला पुन्हा पुन्हा वाचावी लागली होती.

पार्सल आलं. आत फक्त पुस्तक होतं, चिठ्ठीचपाटी काही नाही. मास्तरांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती कादंबरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला घेतली.

पहिलं प्रकरण ओळखीचं निघालं. धुकं, चिखलातून जाणारी घोडागाडी, बंगल्याची एकच उजळलेली खिडकी. मास्तरांना हायसं वाटलं. मग मालकीणबाई आली, आणि तिच्याबरोबर तिची मान, तिचे दंड, तिचा झिरझिरीत झगा. लेखकाने झग्याचं वर्णन इतकं रंगवलं होतं, की शिंपी असून मास्तरांना कंटाळा आला. झगा भिजतो, झगा फाटतो, झगा घसरतो, आणि आतली बाई बिचारी किंचाळण्याखेरीज काही करत नाही. बायकोच्या तोंडून ऐकलेली मालकीणबाई नवऱ्याला उलट सुनवायची, “तळघरात काय आहे ते मला दाखवा, नाहीतर मी चालले.” ते वाक्य मास्तरांना फार आवडे. त्यांनी ते शोधलं. ते कुठेच नव्हतं.

मग दाई आली. ती दारातून चालत येत नव्हती, सरपटत येत होती. तिच्या ओठांच्या वर्णनाला अर्धं पान, नाकाच्या वर्णनाला उरलेलं अर्धं. तिला वास येत होता. तिची भाषा माणसाची नव्हती. ‘अंधार या लोकांच्या रक्तातच असतो,’ असं मालक म्हणत होता, आणि लेखकाने त्याला कुठेच अडवलं नव्हतं. उलट पुढे सगळं मालकाच्याच म्हणण्याप्रमाणे घडत गेलं.

मास्तरांनी पुस्तक खाली ठेवलं. त्यांचे कान तापले होते. परत उचललं, कारण सोडवत नव्हतं. आता तरी ती काही करेल, आता तरी बोलेल, अशा आशेने ते पानं उलटत राहिले. दाई दलदलीत बुडाली. तिचा हात तेवढा वर राहिला होता, आणि मालकाने तोही काठीने खाली दाबला. पुढच्या ओळीत सूर्य उगवला आणि पाखरं गाऊ लागली.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि ती फार वाईट होती. पुस्तक मुळात भीतीदायकही नव्हतं. ज्या दुपारी त्यांच्या अंगावर काटा आला होता, त्या सगळ्या बायकोच्या आवाजातल्या होत्या. कागदावर नुसती आदळआपट आणि एका बाईबद्दलचा द्वेष होता. या माणसाला आपण थोर लेखक समजत होतो, चार जणांना सांगत होतो, या विचाराने मास्तर ओशाळले.

त्यांनी पानांवरून अंगठा फिरवला. एकही पान चिकटलेलं नव्हतं. कधी चिकटल्याची खूणही नव्हती.

म्हणजे ती ‘थांबा जरा’ म्हणायची, तेव्हा गप्प बसून पुढचं आधी स्वतः वाचत असायची. मनातल्या मनात. मग नवऱ्याला ऐकवण्याजोगं दुसरं काहीतरी रचायची, आणि तेही त्याच आवाजात, त्याच ओघात, पाच फुटांवर बसलेल्या माणसाला संशय येणार नाही असं. दरवेळी. आणि मास्तर म्हणायचे, “पुन्हा वाच ना गं तीच!”

तिने का सांगितलं नाही? ते सरळ सांगता आलं असतं. पुस्तक फेकून देता आलं असतं. मास्तर मशीनसमोर रिकाम्या हातांनी बसून विचार करू लागले, आणि उत्तरासाठी त्यांना फार लांब जावं लागलं नाही. पूर्वी एकदा एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली होती. बायकोने टेप घेतली तशी ती मागे सरकली. “मास्तर, तुम्हीच घ्या की माप. हिचे हात नकोत.” एरवी बायका शिंप्याने माप घेतलं तर लाजतात! मास्तरांनी माप घेतलं. बाई गेल्यावर ते बायकोला म्हणाले, “मनावर घेऊ नकोस. लोक बोलतात.” त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं. तिने “बरं” म्हटलं होतं, आणि टेप गुंडाळून ठेवली होती.

कादंबरीबद्दलही त्यांनी हेच म्हटलं असतं. गोष्टच आहे ती, मनावर काय घ्यायचं. तिला ते ठाऊक होतं. म्हणून तिने बोलण्यापेक्षा गोष्टच उसवली आणि आपल्या मापाची करून घेतली. मास्तरांच्या समोर बसून ती एकटीच होती, आणि ते मजेत शिवत होते. त्यांना रडू आलं. अर्ध्या शटरखालून कोणीतरी “मास्तर, आहात का?” म्हणून वाकून बघितलं आणि गेलं.

रविवारची वाट न बघता त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारीच मुलीला फोन लावला.

“काय झालं? पडलात का?” तिने घाबरून विचारलं. मागून इस्पितळातला गलका येत होता.

“पडलो नाही. वाचलं मी ते.”

गलका थोडा लांब गेला; ती फोन घेऊन बाजूला आली होती.

“भिकार आहे, बेबी. फार भिकार पुस्तक आहे. तुला दिलं, माझी चूक झाली. पण मी ते कधी ऐकलंच नव्हतं. तुझी आई ते वाचतच नव्हती.”

“म्हणजे?”

त्यांनी सांगितलं. चिकटलेल्या पानांचं सांगितलं, तेव्हा तिकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बसली असावी.

“आईने सगळं मनाने रचलं?”

“सगळं. आणि मला सुगावा नाही.”

“तुम्हाला आईच्या बाबतीत कशाचा सुगावा होता?” ती पटकन बोलून गेली. मग हळू म्हणाली, “बाबा, मला लागलं होतं हो ते. म्हटलं, आईसुद्धा हे वाचून ‘छान आहे’ म्हणत असेल, तर मग मी कोणाकडे जायचं?”

“ती नव्हती म्हणत तसं.”

“कळलं आता.” तिने नाक ओढलं. “मग आईची गोष्ट सांगा मला. पहिल्यापासून. माझी जेवणाची सुट्टी आहे.”

“डबा खा ना मग.”

“खाते. तुम्ही सांगा.”

आणि मास्तर सांगू लागले. त्यांना वाचून दाखवण्याची सवय नव्हती, ते अडखळत होते, पण गोष्ट त्यांना येत होती. आईची दाई दारातून सरळ चालत आली. तिने मालकाला नमस्कार केला नाही, आधी चूल कुठे आहे ते विचारलं. तळघरातून येणाऱ्या हाका पहिल्यांदा तिनेच ऐकल्या आणि मालकीणबाईला विश्वासात घेतलं. दोघी बायका दिवा घेऊन तळघरात उतरल्या. मुलगी मधे “अगं बाई” म्हणाली, एकदा चक्क हसली. मास्तरांना वाटलं, आपण कित्येक वर्षांत हिच्याशी इतका वेळ बोललो नाही.

“आणि मग मालकाने बाहेरून दार लावून घेतलं. लोखंडी दार. पाणी चढायला लागलं. मालकीणबाई धसका घेऊन पडली. दाई एकटी. वर मालक उभा, ऐकत.”

“मग?”

“मग... उजाडलं, आणि दाई तिला खांद्यावर घेऊन चिखलातून चालली आहे.”

“ते कळलं हो. पण दार कसं उघडलं तिने?”

मास्तर थांबले. दार. गोष्ट या दारापाशी आली, की दुकानात नेहमी कोणी ना कोणी यायचं. शाळेचे गणवेश टाकायला, नाहीतर पँटच्या तळची हेम सुटली म्हणून. तोंडात टाचण्या धरून ते मापं घ्यायचे आणि मधूनच म्हणायचे, “हं, हं, तू वाच, ऐकतोय मी.” ती वाचत राहायची. गिऱ्हाईक जाईपर्यंत दाई बाहेर आलेली असायची आणि मास्तर म्हणायचे, “वा! काय बाई आहे!”

त्यांनी समोरचं पुस्तक उगीचच ओढून उघडलं. त्यात ते असणार नव्हतं. या पुस्तकातल्या दाईला त्या दारापर्यंत कोणी जाऊच दिलं नव्हतं.

“बाबा? आहात ना?”

“आहे.”

“सांगा ना. कसं उघडलं?”

“ते मी ऐकलं नाही गं,” मास्तर म्हणाले.

पलीकडे कोणीतरी मोठ्याने पुढचा नंबर पुकारला. मग पुन्हा पुकारला. मुलीने फोन ठेवला नाही.