भिंत पुसायची नाही

"वाढली! चार बोटं वाढली!"

गुरूंचा चेला मोजपट्टी उंचावून ओरडला आणि क्लबच्या व्यायामशाळेत एकच गलका झाला. शिट्ट्या काय, टाळ्या काय! बाकांवर चढलेले आईबाप एकमेकांना ढकलत पुढे सरकले. बास्केटबॉल खेळणारा एक लांबलचक पोरगा, ज्याला सगळे उंट म्हणत, तो भिंतीपाशी उभा राहून स्वतःच्याच हाताकडे आ वासून बघत होता. मघापर्यंत तो नुसता उंट होता, आता एकदम चमत्काराचा पुरावा झाला होता.

चमत्कार करणारे गृहस्थ मात्र शांत. पांढराशुभ्र ट्रॅकसूट, गळ्यात सोनेरी शिट्टी, कपाळावर घामाचा टिपूस नाही. नसणारच म्हणा, उड्या पोरं मारत होती. स्वतःचं बारसं त्यांनी स्वतःच केलं होतं: झेपगुरू.

"मी काही करत नाही हं," ते डोळे अर्धवट मिटून म्हणाले. "मी आपला निमित्त. झेप तुमच्या आतच आहे. पेशीपेशीत ऊर्जा कोंडून बसलीय बिचारी. मी फक्त दार उघडतो."

"दाराला कडी होती का कुलूप, तेवढं विचारा कोणीतरी," मागे वजनांच्या मांडणीपाशी उभी असलेली वजनबाई पुटपुटली. पण त्या गोंगाटात तिचं ऐकतंय कोण!

वजनबाई म्हणजे क्लबची ताकद-प्रशिक्षक. पळणारा असो, उडी मारणारा असो, पोहणारा असो, त्याच्या पायांत, पाठीत, खांद्यांत बळ आणायचं आणि ते आणताना त्याला मोडू द्यायचं नाही, हे तिचं काम. तिच्या शिकवण्यात बघण्यासारखं काही नव्हतं. "खाली बस. हळू. अजून हळू. आता ऊठ. आता विश्रांती." झालं! कंटाळून पोरं जांभया द्यायची. झेपगुरूंकडे कसं सगळं झटपट होतं. आधीची उडी मोजायची, मग त्यांनी डोक्यावर हात ठेवायचा, कानात काहीतरी गुणगुणायचं, आणि पुन्हा उडी मोजायची. कोणाची तीन बोटं वाढे, कोणाची चार. क्लबचे अध्यक्ष तर इतके भारावले होते की पुढच्या हंगामात वजनबाईंची गरज तरी काय, असं दोनतीन जणांपाशी बोलूनही गेले होते. तेही वजनबाईच्या कानावर आलं होतं. पण आज ती इथं येऊन उभी राहिली होती ती त्या भीतीनं नव्हे. तिची नजर पहिल्या रांगेतल्या एका मुलीवर खिळली होती.

ती मुलगी उंच उडीची खेळाडू. पाय इतके लांब आणि सडपातळ की लहानपणापासून सगळे तिला नाकतोडाच म्हणायचे. तिच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, दुखावली होती. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: इतक्यात उडी नाही. मारली आणि दोरी तुटली, तर उंच उडी कायमची विसरायची. आणि निवड स्पर्धा येत्या रविवारी.

आता तिच्या गुडघ्यावर एक केशरी पट्टा होता. झेपगुरूंनी स्वतःच्या हातानं बांधलेला.

वजनबाई गर्दीतून वाट काढत तिच्या आईपाशी गेली. आई शिवणकाम करायची. गळ्यात अजून मापाची फीत लोंबत होती, दुकानातून तशीच धावत आली होती.

"वहिनी, हिला इथून घेऊन चला."

"का बरं?" आईचा आवाज लगेच चढला. "तुमच्याकडे येऊन काय झालं? पायरीवर उभी राहा आणि टाच खाली सोड, पायरीवर उभी राहा आणि टाच खाली सोड! म्हातारी माणसं करतात तसला व्यायाम! आणि यांनी नुसतं मलम चोळलं तर हिचं दुखणं पळालं."

"खरंच ताई," नाकतोडा म्हणाली, "आज कळ नाहीच."

वजनबाई खाली वाकली. पुदिन्याचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी यावं.

"अगं, मलमाच्या गारव्यानं कळ जाणवेनाशी झालीय. दोरी अजून तशीच दुखावलेली आहे. कळ म्हणजे गुडघ्यानं मारलेली हाक असते. आपण कानांत बोळे घातले म्हणून हाक मारणाऱ्याचं संकट टळतं का?"

"रविवार पुन्हा येणार नाही, ताई," ती हळूच म्हणाली.

"शंकेखोर माणसं जवळ असली ना, की ऊर्जेला ठसका लागतो," समोरून झेपगुरूंचा आवाज आला. लोक हसले. "आता आपली उंच उडीची कन्या! ये बाळ. डॉक्टर म्हणाले उडी नाही. आपण म्हणू, उडीच! रविवारी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाकतोडा उठली. आईनं तिची पाठ थोपटली, आणि त्या थोपटण्यात इतकी आशा होती की वजनबाईला तिचा रागही येईना.

नजर चुकवायची म्हणून तिनं भिंतीकडे पाहिलं, आणि तिथंच ती थबकली.

त्या भिंतीवर उंचावर एक जुना खिळा होता. एके काळी तिथं घड्याळ टांगलेलं असे. मघाशी गुरूंचा हात डोक्यावर पडायच्या आधी उंटानं उडी मारली, तेव्हा त्याची खडूभरली बोटं खिळ्याला घासून गेली होती. चमत्कारानंतरची उडी? खडूचा डाग आताही तिथंच होता, खिळ्याला चिकटून. तसूभरही वर नाही.

मग वाढलं काय? आणि वाढलं कुठे?

उडी मोजायची रीत सगळ्या क्लबांत सारखीच. बोटांना खडू लावायचा, पाय जमिनीवर ठेवून हात वर करायचा आणि भिंतीला टेकवायचा, ही पहिली खूण. मग उडी मारून टेकवायचा, ही दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. पोरं बघतात तो फक्त आकडा. हात कुठवर गेला, हे कोण बघतो? आकडा वाढला की पोर खूश, आईबाप खूश, प्रशिक्षकही खूश. आणि वरची खूण जागची हलली नसेल, तर...

"अरे देवा!" वजनबाई मोठ्यानं म्हणाली, आणि दुसऱ्या क्षणी ती गर्दी फोडून भिंतीपुढे उभी होती.

"तू बस गं. आधी मी."

"बाई, हा काय पोरखेळ?" अध्यक्ष उसळले.

"खेळाचाच क्लब आहे ना, साहेब? गुरुजी जर दुखऱ्या गुडघ्यातून झेप काढतात, तर माझ्यासारख्या जाडजूड बाईतून काढायला त्यांना कितीसा वेळ लागणार? का हो गुरुजी, माझ्या पेशींत ऊर्जा नाही वाटतं?"

लोक खदखदले. झेपगुरूंनी हसून हात पसरले. नाही म्हणायची सोय नव्हती.

"उभी राहा माउली. हात वर. ताण! टाचा जमिनीला, खांदा कानाला! अजून ताण!" चेल्यानं सवयीनं हुकूम सोडले. वजनबाईनं हात ताणून पांढऱ्या खडूची खूण केली. मग उडी मारली आणि धपकन खाली आली. जमीन हादरली, पोरं खिदळली. चेल्यानं आकडा ओरडून सांगितला आणि ओलं फडकं उचललं. प्रत्येकाच्या वेळी इथंच गुरुजी गर्जायचे.

"जुनी मर्यादा पुसून टाका!"

वजनबाईनं चेल्याचं मनगट धरलं. रोज लोखंड उचलणारा हात तो. चेला जागच्या जागी थांबला.

"भिंत पुसायची नाही."

"पण माउली, जुनी मर्यादा दिसत राहिली, तर मन तिच्यात अडकतं..."

"राहू द्या की. माझी मर्यादा आहे, मला तिची सवय आहे. आणि तुमची ऊर्जा खडूच्या दोन रेघांना घाबरते होय?"

"हो, राहू द्या, त्यात काय!" मागून उंट म्हणाला. त्याच्यावर चमत्कार झाला होता, त्याचा विश्वास पक्का होता. अध्यक्षांनीही मान हलवली. गुरूंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा लोकांकडे, आणि निमूटपणे वजनबाईच्या डोक्यावर हात ठेवला. पण गुणगुणणं झाल्यावर चेला गप्पच.

"काय रे, आता काय सांगतोस तू पोरांना? विसरलास? मी सांगते," वजनबाई म्हणाली. "डोळे मिटा. मान झुकवा. खांदे सैल सोडा. आणि भिंतीला नम्रपणे स्पर्श करा. हेच ना?"

तिनं लाल खडू घेतला आणि अगदी तसंच केलं. डोळे मिटले, मान झुकवली, खांदा सोडला. हात वरच होता, फक्त नम्र होता. मग बाजूला झाली.

लाल खूण पांढऱ्या खुणेच्या चांगली चार बोटं खाली उमटली होती.

"बघा मंडळी!" वजनबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "गुरुजींच्या कृपेनं मी बुटकी झाले! आता मी मघाइतकीच उडी मारणार, वरची खूण होती तिथंच राहणार, पण मोजायची ती खालच्या खुणेपासून. आकडा वाढला! झेप नाही वाढली, पायाखालचा जिना एक पायरी खाली सरकला. आणि हे तुम्हाला दिसू नये म्हणून दर वेळी ओलं फडकं!"

 मग नाकतोडाची आई पुढे आली. तिनं बोटं खडूत बुडवली, हात ताणून भिंतीला टेकवला. मग खांदा सैल सोडून पुन्हा टेकवला. दोन्ही खुणांकडे ती बघत राहिली. गळ्यातली फीत तिनं मुठीत घट्ट धरली होती.

"गिऱ्हाईक खांदा उचलून उभं राहिलं की मी रोज ओरडते," ती म्हणाली, "बाई, सरळ उभ्या राहा, बाहीचं माप चुकेल. आणि इथं माझ्या डोळ्यांदेखत..."

"नकारात्मक ऊर्जा! वातावरण दूषित झालं!" झेपगुरू शिट्टी चाचपत म्हणाले. "अशा ठिकाणी सिद्धी राहत नाही!"

"गुरुजी," उंट पुढे आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी खांदा ताणूनच खूण करतो. दोन्ही वेळा. तुम्ही फक्त हात ठेवा. एकदाच."

"मला दुसऱ्या क्लबात वेळ दिलीय."

"एकदाच, गुरुजी!" आता बाकांवरून आवाज आले. पण ट्रॅकसूट बाजूच्या दारानं बाहेर पडला होता. जन्माची झेप शिकवणारा माणूस, पण दाराबाहेरच्या तीन पायऱ्या त्यानं एका उडीत ओलांडल्या असतील तेवढीच काय ती त्याची खरी उडी. अध्यक्ष खिशातला रुमाल शोधू लागले.

लोक हसत होते. नाकतोडा हसत नव्हती. ती बाकावर बसून रडत होती.

"तुम्हाला काय, तुम्ही जिंकलात," ती वजनबाईला म्हणाली. "माझा रविवार गेला. तो खोटा असेल, पण तो निदान उडी मार म्हणत होता!"

वजनबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. खोटं सांत्वन तिला जमत नव्हतं, आणि आज तर मुळीच चालणार नव्हतं.

"हो, गेला. रविवारी तू बाकावर बसणार आणि दुसऱ्या मुली उडणार. मलाही वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. तुझा गुडघा मला झटकन बरा करता आला असता, तर मी डोक्यावरच काय, पायांवरही हात ठेवला असता. पण तो आकडा वाढवून देऊन निघून जाणार होता. तुटलेला गुडघा घेऊन तू आणि तुझी आई इथंच राहणार होतात."

आईनं खाली वाकून केशरी पट्टा सोडला. पट्ट्याखालचा गुडघा गार पडला होता आणि टम्म सुजला होता. ते बघून तिनं लेकीचं डोकं छातीशी धरलं.

नाकतोडानं नाक पुसलं. भिंतीवरच्या लाल आणि पांढऱ्या रेघांकडे बघत ती म्हणाली, "मग ताई, तुमचं तरी खरं कशावरून? टाच खाली सोडून गुडघा बरा होतो, हे मी का मानायचं?"

"अगं!" आईनं तिला चापटी मारली. "ताईंना असं विचारतात का?"

"विचारू दे वहिनी! अस्सं विचार!" वजनबाईचा चेहरा एकदम फुलला. "त्याला कोणी विचारलं नाही म्हणून तर तो इथवर आला. मानू नकोस. माझंही मानू नकोस. मोज. आज पायरीवर किती वेळा खाली जाता येतं आणि कुठं कळ येते ते बघ, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघ. नाही सुधारलं, तर माझ्या तोंडावर सांग आणि डॉक्टरांकडे घेऊन जा मला कान धरून. ज्याला तुम्ही मोजलेलं चालतं, त्याच्याकडे जा. जो मोजायच्या आधी डोळे मिटायला सांगतो, त्याच्यासमोर डोळे टक्क उघडे ठेवा. एवढंच मागते मी, सगळ्यांकडे."

चेल्याचं फडकं जमिनीवर पडलेलं होतं. क्लबचा झाडूवाला ते उचलून सवयीनं भिंतीकडे वळला.

"काका, नको!" नाकतोडा ओरडली. ती लंगडत पायरीपाशी गेली, दुखऱ्या पायावर उभी राहिली आणि गुडघा वाकवत दुसऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडू लागली. कळ आली तशी तिनं ओठ चावला. "आई, मोज. आणि काका, भिंत पुसायची नाही."