बाजारातलं गाऱ्हाणं

संचिताने सुरूच्या बनात भरवलेल्या बाजाराचा नियम एकच होता. पैसा चालणार नाही, वस्तूही चालणार नाही. कामाच्या बदल्यात काम. मुंबईला चित्रकला शिकून आलेली ही मुलगी त्याला 'अदृश्य श्रमांचा कलाबाजार' म्हणायची. कुणी डोक्याला तेल घालून देत होतं, कुणी दुसऱ्याचं रडगाणं नुसतं ऐकून घेत होतं. ऐकून घेणाऱ्याकडे तर रांग लागली होती, आता बोला!

कौस्तुभने पाटी लावली होती, 'तुमच्यासाठी गाऱ्हाणं घालून मिळेल.'

त्याचे वडील दत्ताराम गावचे मानकरी. नारळ हातात धरून लोकांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. कौस्तुभचा होमस्टे होता. संध्याकाळी पाहुण्यांपुढे तो बापाचा आवाज हुबेहूब काढायचा आणि पाहुणे पोट धरधरून हसायचे. आज वडील कणकवलीला लग्नाला गेले होते, नाहीतर पाटी लावायची त्याची काय छाती होती!

"बा देवा म्हाराजा, ह्या पुण्याच्या लेकराक गाडी लावूक जागा गावांदे!"

"व्हय महाराजा!" अख्खं बन ओरडलं. बदल्यात पुणेकराने शिट्टीवर गाणं वाजवलं.

तेवढ्यात गोदूबाई आली. मासळी विकून, रिकामी टोपली काखेत मारून ती घरी चालली होती, गर्दी बघून वळली. तिचा मुलगा नितेश भांडून गोव्याला गेला होता. गणेशचवथीलासुद्धा फिरकला नव्हता.

"कौस्तुभ बाबा, माझ्या झिलासाठी एक घाल," ती म्हणाली आणि चपला काढून हात जोडून उभी राहिली.

काकी, ह्यां नाटक आसा, एवढंच कौस्तुभला म्हणायचं होतं. पण लोकांचे मोबाइल वर झाले होते. त्याने शब्द गिळले आणि बापाचा आवाज लावला, जरा जास्तच लावला.

"नितेशाची वाट घराकडे वळांदे, म्हाराजा!"

"व्हय महाराजा!" हशा, टाळ्या. गोदूबाईने डोळे पुसले.

"आता माझा काम सांग," ती म्हणाली.

"काय नको गो काकी."

"नको कसा? सगळी फेडतत मा? मी हयसर बसान व्हय म्हणतंय."

ती वाळूत बसली. कुणाला वजन कमी व्हायला हवं होतं, कुणाला सासू तीर्थयात्रेला जायला. प्रत्येकासाठी गोदूबाईने डोळे मिटून, मनापासून 'व्हय महाराजा' म्हटलं. लोक आणखीच हसले. "हेच तर मला हवं होतं!" संचिता कौस्तुभच्या कानाशी कुजबुजली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पाटी काही त्याने काढली नाही.

उन्हं कलली तशी ती उठली. "तुझ्या बापाशीन देवळात गाऱ्हाणा घातल्यान, तेव्हा व्हय म्हणूक चारच माणसां होती. आज इतकी म्हणाली, ती पण हसान, खुशीन. आता तो येतलोच. जातंय, तेची खोली झाडूक व्हयी."

ती निघाली. कौस्तुभला राहवेना. धावत जाऊन त्याने तिला होड्यांपाशी गाठलं.

"काकी, ता खरा नव्हता. माका मान नाय. लोकांक हसवूक मी बाबांची नक्कल करतंय."

बोलल्याबरोबर त्याला हलकं वाटलं, हे मात्र खरं.

गोदूबाई थांबली. "मगे ती हसत होती, ती माका?"

तिने वळून बनाकडे पाहिलं. तिथे अजून मोबाइल वर होते.

"आणि मी डोळे मिटून बसलंय थयसर," ती म्हणाली. तिने पदर कपाळाखाली ओढला आणि नेहमीचा रस्ता सोडून घरांच्या मागच्या अंगाने गेली, कुणाला तोंड दिसू नये म्हणून.