उजवा अंगठा

मिस्त्रीने उजवा अंगठा काचेवर दाबला. काचेखालचा दिवा क्षणभर अडखळला आणि लाल झाला. ही सातवी वेळ होती.

"अहो, जोर काय लावताय, फरशी आहे का ती?" खिडकीतली बाई म्हणाली. "नुसता टेकवा."

टेकवून काय होणार, कपाळ? बावीस वर्षं फरश्या बसवता बसवता सिमेंटने त्याच्या बोटांवरच्या रेषा कधीच खाऊन टाकल्या होत्या. उरली होती ती अंगठ्यावरची एक खूण. फरशी कापताना झालेली, चंद्रकोरीसारखी बारीक.

रहिवासी परवान्याचा अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, गंगेत घोडं न्हालं. पण पत्राच्या मागच्या बाजूला पुढची कामं छापली होती. पत्ता नोंदवा, फोटो द्या, ठसे द्या, मग कार्ड न्या. कार्ड हातात पडलं की बायकोला आणि मुलीला बोलावता येणार होतं. चार वर्षं तो त्या दोघींना फोनच्या पडद्यावरच बघत होता. चौदा दिवसांत ठसे उमटले नाहीत, तर मंजुरी रद्द.

"आठवडाभर कामाला हात लावू नका. तेल चोळा," बाई म्हणाली. "कातडीच आहे, येईल परत."

घरमालकिणीने हे ऐकलं आणि कपाटातून पांढरे सुती हातमोजे काढून दिले.

"तेल लावून हे घालून बस. तुझ्या खोलीत आधी होता त्याचे आहेत. तोही फरशीवालाच. त्याचंही घोडं ठशांपाशीच अडलं होतं."

"मग उमटले?"

"उमटले की! कार्ड आणतो म्हणून निघाला, तो गेला तो गेलाच. कपडे इथेच राहिले. बायकोचे फोन येत होते बिचारीचे, वर्षभर."

मोजे माप घेऊन शिवल्यासारखे बसले. आतून ते ऊबदार होते, कुणीतरी आत्ताच काढून ठेवल्यासारखे. मिस्त्री ते काढायला गेला. पण गरजवंताला अक्कल नसते, त्याने ते काढले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बोटांवर फिकट रेषा दिसू लागल्या. पाचव्या दिवशी चहा करताना त्याच्या हाताने आपसूक तीन चमचे साखर घातली. मिस्त्री जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायलेला. तो कपाकडे बघत राहिला आणि मग चहा मोरीत ओतून मोकळा झाला. सातव्या दिवशी त्याने अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. रेषा ठसठशीत होत्या, एकीत एक गुंतलेल्या. चंद्रकोर मात्र कुठेच नव्हती.

"तेलाने भरून आली असेल," तो मोठ्याने म्हणाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

कार्यालयात दहाही बोटांना दिवा पहिल्याच फटक्यात हिरवा झाला. बाई हसली आणि पडद्याकडे बघता बघता तिचं हसू मावळलं.

"तुम्ही आधी ठसे दिले होते का हो? नऊ वर्षांपूर्वी?"

मिस्त्रीने हात काचेवरून मागे घेतला.

"दहाही बोटं जुळतायत. जुन्या नोंदीतलं नाव पुसलं गेलंय, नुसते ठसे उरलेत. कार्ड मंजूर होतं, पण न्यायला कुणी आलंच नाही असं दिसतंय." तिने आवाज खाली आणला. "तुम्हीच असाल तर तसं सांगा, आजच कार्ड देते. नाहीतर चौकशी लागेल, आणि तिला किती वर्षं जातील ते देव जाणे."

मिस्त्री घाबरला होता. नऊ वर्षांपूर्वी त्याने हे शहर पाहिलंही नव्हतं. पण मुलीला सोडून आला तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि आता तिचे पुढचे दात पडले होते.

"हो," तो म्हणाला. "मीच तो."

कार्डावर फोटो त्याचा होता, नावही त्याचंच. बाहेरच्या बाकावर बसून त्याने घरी फोन लावला आणि कार्ड पडद्यासमोर धरलं. बायकोला हसावं की रडावं कळेना.

"अहो, खरंच झालं? आम्ही निघायचं? थांबा, थांबा, हिला बोलावते!"

मुलगी धावत आली. त्यांचा एक ठरलेला खेळ होता. ती म्हणायची, "तुझा चंद्र दाखव," तो अंगठा पुढे धरायचा आणि ती पडद्यावर त्या खुणेवर बोट ठेवायची. त्याशिवाय बोलणं सुरूच व्हायचं नाही.

"चंद्र!" ती ओरडली.

सवयीने त्याचा अंगठा वर गेला. तिने बोट पुढे आणलं आणि मध्येच मागे घेतलं. अंगठ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे. परक्या मोठ्या माणसांशी कसं बोलायचं ते आईने तिला नीट शिकवलेलं होतं.

"काका," ती म्हणाली, "बाबांना फोन द्या ना."